इंडक्शन जनरेटर: पवनचक्कीत चालतो, मग विमानात का नाही?

ठिणगी

सोलर पंपाच्या धाग्यावर विषय भरकटायला लागला म्हणून हा वेगळा धागा. तिथे एकाने विचारलं होतं की विहिरीवरची साधी तीन फेजची मोटर, म्हणजे इंडक्शन मोटर, वापरून वीज तयार करता येईल का. येईल. मोटरीत काही बदलही करावा लागत नाही. लाईनला जोडलेली असतानाच तिला बाहेरून थोडं जास्त जोरात फिरवायचं.

५० हर्ट्झच्या लाईनवर चार पोलच्या मोटरीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या जरा मागे असतो, म्हणून नेमप्लेटवर १४४० दिसतं. हा मागे पडलेला फरक म्हणजे स्लिप. तो आहे म्हणूनच रोटरच्या सळ्यांमध्ये प्रवाह निर्माण होतो आणि जोर मिळतो. रोटर बरोबर १५०० ला पोचला तर जोर शून्य. आता एखाद्या टर्बाइनने त्याला १५६० ला नेलं तर स्लिपचं चिन्ह बदलतं, सळ्यांतला प्रवाह उलटतो आणि मोटर वीज घ्यायची थांबून द्यायला लागते. मध्ये कुठलंही बटण नाही, गिअर नाही.

हे तत्त्व नवं नाही. उत्तर इटलीत वाल्तेलिना रेल्वेवर १९०२ पासून तीन फेजची इंजिनं धावत होती, हंगेरीच्या काल्मान कांडोने तयार केलेली. उतारावर गाडीचा वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की मोटरी आपोआप जनरेटर व्हायच्या, गाडीला ब्रेक लागायचा आणि वीज तारेत परत जायची. आपल्या मुंबई लोकलच्या नव्या रेकमध्ये इंडक्शन मोटरीच आहेत. स्टेशन जवळ आलं की ज्या डब्याखाली मोटर आहे, त्या डब्यातली माणसं काही सेकंद एका चालत्या इंडक्शन जनरेटरवर उभी असतात.

या यंत्राचं कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे. रोटरला बाहेरून एकही वायर जात नाही. ब्रश नाहीत, चुंबक नाहीत, फक्त पत्र्यांच्या थप्पीत ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या आणि दोन्ही टोकांना कडी. लाईनला जोडताना सिंक्रोनस जनरेटरसारखं (ज्याचा वेग लाईनच्या फ्रीक्वेन्सीशी तंतोतंत बांधलेला असतो) फेज जुळवत बसावं लागत नाही. स्वस्त, दणकट, गावातल्या रिवाइंडिंगवाल्यालाही कळणारं.

गोम एकच आहे. या यंत्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही. ते बाहेरून आणावं लागतं, म्हणजे लाईनमधून रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (काम न करता फक्त क्षेत्र उभं ठेवणारी) ओढावी लागते. वीज पाठवतानाही ओढावी लागते. लाईन गेली की हा जनरेटर निव्वळ फिरणारं लोखंड.

मला या धाग्यात चर्चा हवी आहे ती याची, की पवनऊर्जेने हाच जनरेटर डोक्यावर घेतला आणि विमानवाल्यांनी त्याला दारातही उभं केलं नाही, असं का? विमानाला तर हलकं, दणकट, बिनब्रशचं यंत्र हवंच असतं. विमान क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

सदाशिव_पेठी

लेख चांगला. 'दारातही उभं केलं नाही' हे मात्र पुराव्याशिवाय झालं. बाकी वाचतोय.

पठारावरचा

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर बरीच वर्षं साईटवर काम केलंय, म्हणून पवनचक्कीचं मी सांगतो.

जुन्या मशिनी म्हणजे स्थिर वेगाच्या. तीन पाती, गिअरबॉक्स, मागं इंडक्शन जनरेटर, आणि तो सरळ ट्रान्सफॉर्मरला. वारं आलं की पाती मोकळी फिरत वेग धरतात. जनरेटर १५०० च्या जवळ आला की थायरिस्टरचा सॉफ्ट स्टार्टर हळूहळू त्याला लाईनवर घेतो. एकदम जोडला तर मोटर सुरू होताना घेते तसा सहा-सात पट प्रवाह ओढंल आणि गिअरबॉक्सला दणका बसंल. लाईनवर आल्यावर वेग जवळजवळ बांधलेला. मोठ्या मशिनीत स्लिप एखाद टक्काच, म्हणजे रिकामं असताना १५०० आणि फुल्ल लोडला १५१५ च्या आसपास. काही मशिनींच्या जनरेटरला दोन वाइंडिंग असायची, चार पोल आणि सहा पोल. वारं कमी असलं की सहा पोलवर, १००० च्या वेगाला.

रिअ‍ॅक्टिव्हसाठी खाली पॅनलमध्ये कपॅसिटरच्या बँका. ५०० किलोवॅटची मशीन फुल्ल लोडला ०.८७ पॉवर फॅक्टरला चालते असं धरा, तर अडीचशे-तीनशे केव्हीएआर (हे रिअ‍ॅक्टिव्हचं माप) लागतात. सगळं लाईनमधून ओढलं तर वीज कंपनी त्याचे वेगळे पैसे लावते. म्हणून लोड वाढंल तशा एकेक बँका आत घ्यायच्या. पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडं खरं जनरेशन जून ते सप्टेंबरातच, या बँकांच्या काँटॅक्टरची दिवसभर ठकठक चालू असायची. सगळ्यात जास्त काय बदललं असेल तर ते काँटॅक्टर.

पर्यटक हमखास विचारायचे, एवढं वारं सुटलंय आणि पंखे बंद का? कारण सबस्टेशनला लाईट गेलेली. ग्रिड नाही तर चुंबक नाही, चुंबक नाही तर जनरेटर पातीला अडवणार कशानं? मग टोकाचे ब्रेक आणि डिस्क ब्रेक मारून मशीन उभी करायची. नाहीतर वेग हाताबाहेर जाईल.

आणखी एक. फीडर तुटला आणि कपॅसिटर जोडलेलेच राहिले तर मशीन स्वतःच्या जोरावर चालू राहते आणि व्होल्टेज भसकन वर चढतं. म्हणून ग्रिड गेल्याचं कळताच पहिल्यांदा कपॅसिटर सुटले पाहिजेत. ते न सुटल्यानं जळालेली कार्डं मी पाहिलीत.

चंदगडकर

पठारावरचा साहेब, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. म्हणजे कपॅसिटर जोडले तर लाईनशिवायही चालतं? आमच्या शेताच्या वर ओढा आहे, दिवाळीनंतरही दोन-तीन महिने पाणी असतं. गोठ्यात आणि खळ्यावर दिवे आले तरी पुष्कळ झालं. घरात एक ५ एचपीची जुनी मोटर पडून आहे.

मास्तरीण

चंदगडकर, चालतं. बॅसेट आणि पॉटर या दोघांनी कपॅसिटरवर चालणाऱ्या इंडक्शन जनरेटरवर १९३५ साली शोधनिबंध लिहिला होता, इतकी ही गोष्ट जुनी आहे.

रोटरच्या लोखंडात मागच्या वापराचं किंचित चुंबकत्व उरलेलं असतं. ते विरजणासारखं समजा. मोटर फिरवली की त्याच्यामुळे स्टेटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागात, दोन-चार व्होल्ट येतात. ते कपॅसिटरमधून प्रवाह ढकलतात, त्या प्रवाहाने चुंबकत्व वाढतं, त्याने व्होल्टेज वाढतं. लोखंड संपृक्त होईपर्यंत हे चढत जातं आणि तिथे थांबतं. विरजणच गेलं असेल, म्हणजे मोटर शॉर्ट होऊन बंद पडली असेल, तर व्होल्टेज उभंच राहत नाही. मग यंत्र थांबलेलं असताना एका वाइंडिंगला काही सेकंद १२ व्होल्टची बॅटरी लावतात.

तुमच्या मोटरीचा हिशेब असा. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट. रिकामी चालताना ती साधारण साडेतीन अँपिअर घेते असं धरू. नक्की आकडा क्लॅम्प मीटर लावून बघा. १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ३.५ म्हणजे सुमारे २५०० व्हीएआर. डेल्टात जोडलेल्या प्रत्येक कपॅसिटरला २५०० भागिले (३ × ३१४ × ४१५ × ४१५), म्हणजे १५ मायक्रोफॅरडच्या थोडं वर. हे रिकाम्या यंत्राचं झालं. भार टाकल्यावर आणखी लागतं, २० ते २५ पर्यंत. कपॅसिटर मोटर-रनचे घ्या, किमान ४४० व्होल्ट एसीचे. स्टार्टिंगचे घेऊ नका, ते सतत चालण्यासाठी केलेलेच नसतात.

पाण्याचाही हिशेब करा. सेकंदाला २० लिटर आणि १५ मीटर उतार असेल तर पाण्यातली ताकद २.९ किलोवॅट. पंपच उलटा टर्बाइन म्हणून वापरला तर हातात दीड किलोवॅटच्या आसपास येईल. नेपाळमधल्या डोंगराळ गावांत अशी छोटी केंद्रं बरीच बसवली गेली आहेत, साधी मोटर आणि कपॅसिटर वापरून. तीन फेजच्या मोटरीतून एक फेज काढायची सी-२सी नावाची जोडणीही तिथे चालते: एका फेजवर जेवढा कपॅसिटर त्याच्या दुप्पट दुसऱ्या फेजवर, तिसरी तशीच मोकळी, आणि भार ठरलेल्या फेजवरच. मोटरीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत वीज मिळते.

आता धोक्याचं. तुम्ही दिवे बंद केलेत की पाणी तेवढ्याच जोराने येत राहतं, वेग वाढतो, व्होल्टेज वाढतं, आणि उरलेले बल्ब जातात. म्हणून एक लोड कंट्रोलर लागतो, जो उरलेली वीज पाण्यातल्या हीटरमध्ये जिरवतो. कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतात, त्यांना डिस्चार्ज रेझिस्टर हवेत. आणि ही वायरिंग घरच्या वीजमंडळाच्या लाईनला कुठेही जोडू नका. बदलाचा स्विच असाच हवा की दोन्ही एकत्र जोडलेच जाऊ शकणार नाहीत. लाईट गेली म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो.

चंदगडकर

ताई, वहीत उतरवून घेतलं. उतार मोजायला पोराला पाठवलंय.

उत्तरेकडचा

डेन्मार्कमधून लिहितोय, पवनऊर्जेतच नोकरी. पवनऊर्जेने हा जनरेटर डोक्यावर घेतला त्याचं श्रेय बरंचसं एका माणसाला जातं, योहानेस युल. हा पूल ला कूर या शास्त्रज्ञाचा विद्यार्थी, १९०४ साली त्याच्याकडे शिकलेला. ला कूर पवनचक्कीतून डीसी वीज काढायचा. युल पुढे वीज कंपनीत इंजिनिअर झाला आणि त्याने वेगळाच विचार केला: पवनचक्की सरळ एसी ग्रिडलाच टांगायची. १९५७ साली गेदसर इथे त्याने २०० किलोवॅटची चक्की उभी केली. २४ मीटरचा तीन पात्यांचा रोटर, टोकाला आपत्कालीन ब्रेक, मागे इंडक्शन जनरेटर. ती १९६७ पर्यंत चालली. तेलसंकटानंतर अमेरिकेच्या नासाला तिची आठवण झाली आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती परत फिरवून मोजमापं घेतली गेली. आता तिचा वरचा भाग ब्येरिंगब्रोच्या ऊर्जा संग्रहालयात आहे. इकडे याल तेव्हा बघा, जनरेटर अगदी कारखान्यातल्या मोटरीसारखा दिसतो.

इंडक्शनच का, तर झुळुकीमुळे. वारा दर सेकंदाला बदलतो. सिंक्रोनस जनरेटर ग्रिडला थेट जोडला की त्याला तसूभरही पुढे-मागे सरकता येत नाही. प्रत्येक झोत गिअरबॉक्सवर आदळतो आणि रोटर हेलकावे खायला लागतो. इंडक्शनला ती एखाद टक्क्याची सवलत असते आणि हेलकावे त्यातच शमतात. चुंबकीय क्षेत्र द्यायला अख्खं ग्रिड मागे उभं होतंच. चक्क्या थोड्या होत्या तोवर त्यांनी किती रिअ‍ॅक्टिव्ह ओढली याची फिकीर कुणी केली नाही.

चक्क्या वाढल्यावर मात्र चित्र पालटलं. ग्रिडमध्ये कुठेतरी शॉर्ट झाला की व्होल्टेज क्षणभर पडतं. इंडक्शन जनरेटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्होल्टेज अर्धं झालं तर तो पातीला एक चतुर्थांश जोरानेच अडवू शकतो. पाती पळत सुटतात, स्लिप वाढते. व्होल्टेज परत आल्यावर ही सगळी यंत्रं एकदम प्रचंड रिअ‍ॅक्टिव्ह मागतात आणि नुकतंच सावरू पाहणारं ग्रिड पुन्हा खाली खेचतात. म्हणूनच सगळीकडे नियम आले की व्होल्टेज पडलं तरी चक्की तुटता कामा नये. भारतातही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणीच्या नियमांत तशी तरतूद नंतर आली.

सदाशिव_पेठी

म्हणजे ज्या गुणावर भाळून आणला, तोच गुण पुढे निस्तरावा लागला. पण सध्याच्या चक्क्यांत इंडक्शन उरला कुठे? सगळीकडे कायम चुंबक आणि कन्व्हर्टर, म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. हा धागा स्मरणरंजनात टाकावा काय?

मास्तरीण

सदाशिव_पेठी, घाई नको.

आज जगात उभ्या असलेल्या चक्क्यांमध्ये दुहेरी पुरवठ्याचा इंडक्शन जनरेटर, म्हणजे डीएफआयजी, प्रचंड संख्येने आहे. त्याच्या रोटरवर सळ्यांऐवजी तारेचं वाइंडिंग असतं, स्लिप रिंगांतून बाहेर आणलेलं. स्टेटर सरळ ग्रिडला आणि रोटर कन्व्हर्टरमधून ग्रिडला. कन्व्हर्टर रोटरला हवी ती फ्रीक्वेन्सी देतो, म्हणून वेग १५०० च्या वरखाली साधारण ३० टक्के फिरला तरी स्टेटरला ५० हर्ट्झच मिळतात.

गंमत आकड्यांत आहे. रोटरमधून जाणारी ताकद म्हणजे स्टेटरची ताकद गुणिले स्लिप. २ मेगावॅटची चक्की १८०० ला, म्हणजे २० टक्के वर चालली असेल, तर स्टेटरमधून सुमारे १.६७ मेगावॅट आणि रोटरमधून ०.३३. म्हणजे २ मेगावॅटच्या चक्कीला जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा कन्व्हर्टर पुरतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स महाग होतं त्या काळात याच हिशेबाने बाजी मारली. रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरही त्याच कन्व्हर्टरमधून देता येते, पठारावरच्यांच्या काँटॅक्टरची ठकठक संपली.

पठारावरचा

ठकठक संपली आणि ब्रशचा भुगा सुरू झाला. स्लिप रिंगच्या कप्प्यात काळी कार्बनची पूड साठते, ती वेळेवर काढली नाही तर फ्लॅशओव्हर, म्हणजे ठिणगी उडून शॉर्ट. ऐंशी मीटर वर चढून व्हॅक्यूम क्लीनर चालवायचा. पुस्तकात हे नसतं ताई. 😄

उत्तरेकडचा

आणि साधा पिंजऱ्याचा (सळ्या आणि कड्यांचा) रोटरही संपलेला नाही. टेम्सच्या मुखाशी समुद्रात लंडन अ‍ॅरे आहे, १७५ चक्क्या, ६३० मेगावॅट, २०१३ साली पूर्ण झालेलं. त्या सीमेन्सच्या ३.६ मेगावॅटच्या चक्क्यांत साधा पिंजरा-रोटर इंडक्शन जनरेटरच आहे, फक्त पूर्ण क्षमतेच्या कन्व्हर्टरमागे. चुंबकीय क्षेत्र कन्व्हर्टर देतो, ग्रिडला जनरेटर दिसतच नाही. समुद्रात ब्रश बदलायला बोट काढावी लागते, म्हणून स्लिप रिंग नकोत. कायम चुंबकाची यंत्रं पुढे आली हे खरं, पण निओडिमियमच्या भावाने २०११ साली जी उसळी घेतली त्यानंतर पिंजऱ्याच्या रोटरकडे लोक परत आदराने बघायला लागले.

ठिणगी

वा, वाऱ्याची बाजू भक्कम झाली. विमानाचं कुणी बोलणार का?

हँगरमधला

दोन दिवस नाइट शिफ्ट होती, आत्ता वाचला धागा. मी विमान देखभालीत आहे, नागपूरला.

आधी पार्श्वभूमी. प्रवासी विमानात पूर्वापार ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. फ्रीक्वेन्सी जास्त म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि मोटरींचं लोखंड कमी, वजन कमी. जनरेटर इंजिनाच्या गिअरबॉक्सवर बसतो, आणि इंजिनाचा वेग आयडल ते टेकऑफ साधारण दुप्पट बदलतो. मग ४०० हर्ट्झ स्थिर कसे ठेवायचे? मध्ये तेलावर चालणारी एक यांत्रिक करामत असते, आत येणारा वेग काहीही असो, बाहेर ठरलेलाच देणारी. ती आणि जनरेटर एकाच पेटीत घातले की झाला आयडीजी. ए३२० आणि ७३७ वर तोच आहे, प्रत्येकी ९० केव्हीए, आत २४००० आरपीएमवर फिरणारा.

आतला जनरेटर सिंक्रोनस, पण ब्रश नसलेला. एकाच शाफ्टवर तीन यंत्रं: छोटं कायम चुंबकाचं, मग एक्सायटर, मग मुख्य. एक्सायटरची वीज शाफ्टवरच बसवलेल्या डायोडमधून डीसी होऊन मुख्य रोटरला जाते. नाजूक, महाग, कटकटीचं. ठिणगी म्हणतात तसं, इंडक्शनचा रोटर याच्यापुढे कितीतरी साधा.

मग का नाही? तुम्ही सगळे वजन आणि कार्यक्षमता शोधताय. माझ्या मते खरं कारण शॉर्ट सर्किटमध्ये आहे.

विमानात कुठे वायर घासून शॉर्ट झाला तर तेवढंच सर्किट तुटलं पाहिजे, बाकी बस, म्हणजे वीज वाटणारी मुख्य लाईन, चालू राहिली पाहिजे. ब्रेकर तुटायचा तर त्यातून भरपूर प्रवाह गेला पाहिजे. म्हणून जनरेटरने शॉर्टमध्येसुद्धा नेहमीच्या तिप्पट प्रवाह साधारण पाच सेकंद देत राहावं अशी अपेक्षा असते. तीन यंत्रांचा सिंक्रोनस हे करतो, कारण त्याचं स्वतःचं छोटं चुंबक फिरतंय तोवर त्याला एक्सायटेशन, म्हणजे चुंबकत्वासाठीची वीज, मिळतंच. कपॅसिटरवरचा इंडक्शन जनरेटर काय करेल? शॉर्ट झाला, व्होल्टेज पडलं, कपॅसिटरचा प्रवाह गेला, चुंबकत्व गेलं, सगळं शांत. ब्रेकर तुटलाच नाही आणि अख्खी बस मेली. चंदगडकरांच्या गोठ्यात हीच गोष्ट वरदान आहे, शॉर्ट झाला तर जनरेटर मुकाट बसेल, आग लागणार नाही. विमानात ती चालत नाही.

सदाशिव_पेठी

हे पटलं. पण कन्व्हर्टर लावा ना मागे, लंडनच्या चक्कीसारखा.

हँगरमधला

लावता येतो. पण मग तिप्पट प्रवाह कन्व्हर्टरच्या स्विचमधून जायला हवा, म्हणजे स्विच तिप्पट क्षमतेचे, त्यांचं कूलिंग तसंच. वाचवलेलं वजन तिथे परत आलं. शिवाय पूर्ण वीज त्या एका पेटीवर अवलंबून. आणि स्लिपची उष्णता रोटरमध्ये निघते, जिथून ती काढणं सगळ्यात अवघड.

डीएफआयजीचं तर नावच काढू नका. वेग स्थिर न करता जनरेटर थेट इंजिनावर बसवला तर ३६० ते ८०० हर्ट्झ एवढी वेगाची व्याप्ती येते, म्हणजे मध्यापासून जवळजवळ ३८ टक्के वरखाली, त्यामुळे कन्व्हर्टर फारसा छोटा होत नाही. वर ब्रश. दुसऱ्या महायुद्धात विमानं तीस हजार फुटांवर जायला लागली तेव्हा डीसी जनरेटरचे ब्रश काही तासांत झिजून संपायला लागले होते. कार्बन घसरतो तो हवेतल्या ओलाव्यामुळे, आणि त्या उंचीवर ओलावाच नसतो. मग ब्रशमध्ये खास रसायनं मुरवून ते टिकवले. ज्या उद्योगाने एवढं भोगलंय तो परत स्लिप रिंग बसवणार नाही.

बरं, कायम चुंबक का नाहीत? कारण ते बंद करता येत नाहीत. वाइंडिंग आत शॉर्ट झालं तरी इंजिन फिरतंय तोवर चुंबक वीज ओततच राहणार. आयडीजीतही आत बिघाड झाला तर त्याला इंजिनापासून तोडायला झाकण घातलेलं बटण असतं. एकदा दाबलं की जमिनीवर उतरल्याशिवाय परत जोडता येत नाही. इंडक्शनची ही बाजू खरंच जमेची आहे: एक्सायटेशन काढलं की मेला. म्हणून संशोधनात तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

ठिणगी

पण ७८७ मध्ये तर सगळंच बदललं ना? तिथे फ्रीक्वेन्सी स्थिर नाही.

हँगरमधला

बरोबर. ७८७ ने वेग स्थिर करणारी करामतच काढून टाकली. इंजिनांवर २५० केव्हीएचे चार आणि एपीयूवर (शेपटीतल्या छोट्या सहाय्यक इंजिनावर) २२५ चे दोन, २३५ व्होल्ट, फ्रीक्वेन्सी वेगाप्रमाणे पळेल तशी. ए३८० नेही हेच केलं, १५० केव्हीएचे चार. पंखावरचा बर्फ वितळवणाऱ्या हीटरला फ्रीक्वेन्सीशी देणंघेणं नसतं. ज्यांना असतं त्यांच्यासाठी कन्व्हर्टर आहेत. शिवाय ७८७ चे हेच जनरेटर मोटर होऊन इंजिन सुरू करून देतात. पण आत यंत्र तेच, तारेच्या रोटरचं सिंक्रोनस. एफ-३५ ला २७० व्होल्ट डीसी आहे, तिथे स्विच्ड रिलक्टन्स जनरेटर घेतला. त्याच्या रोटरवर तर सळ्याही नाहीत, नुसतं दातेरी लोखंड. साधेपणाच हवा तर इंडक्शनपेक्षा साधा गडी मैदानात आलाय.

एक मात्र खरं, विमानात इंडक्शन यंत्रं ढिगाने आहेत. इंधनाचे पंप, हायड्रॉलिकचे इलेक्ट्रिक पंप, बऱ्याच ठिकाणी तीच. जनरेटर म्हणून नाही, मोटर म्हणून.

मास्तरीण

अवांतर: ७८७ च्या जनरेटर कंट्रोल युनिटचा किस्सा २०१५ मध्ये गाजला होता. सलग २४८ दिवस चालू ठेवलं तर त्यातला आकडे मोजणारा कप्पा भरून जायचा आणि सगळे जनरेटर एकदम सुरक्षित स्थितीत जाऊन बसायचे. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी ३२ बिटांची संख्या, दोनाचा एकतिसावा घात. भागून बघा, २४८ दिवस येतात. अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने ठरावीक काळाने वीज पूर्ण बंद करून चालू करायचा आदेश काढला होता. मी हे उदाहरण वर्गात देते, पोरं जागी होतात.

सदाशिव_पेठी

बंद करून चालू करा. आमच्या वायफायवाल्याचाही हाच सल्ला असतो.

उत्तरेकडचा

हँगरमधला, शॉर्टचा मुद्दा जमिनीवरही येऊन ठेपलाय. कन्व्हर्टरमागच्या चक्क्या आणि सोलर शॉर्टमध्ये नेहमीच्या प्रवाहाच्या जेमतेम वर जातात. सिंक्रोनस जनरेटर असलेली कोळशाची केंद्रं बंद व्हायला लागली की जमिनीवरच्या, बिघाड ओळखणाऱ्या रिलेंनाही पुरेसा प्रवाह दिसत नाही. म्हणून काही देशांत आता नुसते फिरते सिंक्रोनस कंडेन्सर बसवतात, वीज न करणारे, फक्त आधार देणारे. विमानवाल्यांनी जे पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं, ते आम्ही आता विकत घेतोय. माझं मत विचाराल तर ग्रिड पुढच्या काळात विमानासारखं विचार करायला लागेल. पवनचक्कीसारखं नाही.

पठारावरचा

हे मान्य नाही. विमानात दोन-चार जनरेटर असतात, सगळे एकाच मालकाचे. पठारावर शंभर मशिनी आणि वीस मालक. रिअ‍ॅक्टिव्हचं बिल कुणी भरायचं यावर मीटिंगा व्हायच्या. पुढच्या ग्रिडला आधार कुणी द्यायचा यावरही त्याच होणार.

चंदगडकर

पोरगं मोजून आलं. उतार १२ मीटर भरला, पाणी बादली लावून सेकंदाला १८ लिटरच्या आसपास. ५ एचपीची मोटर उघडली तर बेअरिंग गेलेलं आणि वाइंडिंग काळं. रिवाइंडिंगवाल्याकडं एक ३ एचपीची आहे चांगली, पण ती ९६० आरपीएमची. चालेल का? त्याचं म्हणणं १४४० चीच पाहिजे.

मास्तरीण

९६० म्हणजे सहा पोल, क्षेत्र १००० ने फिरतं. चालेलच, उलट ती जास्त बरी. जनरेटर म्हणून तिला १०४० च्या आसपास फिरवायचं. १२ मीटरच्या उतारावर उलटा चालवलेला पंप कमी वेगालाच खूश असतो, कदाचित पट्ट्याची गरजही पडणार नाही. ३ एचपी म्हणजे २.२ किलोवॅट. तुमच्या पाण्यातून एक-सव्वा किलोवॅट निघेल, पुरेशी आहे.

फक्त सहा पोलची मोटर चार पोलच्या तेवढ्याच मोटरीपेक्षा जास्त चुंबकन प्रवाह घेते, त्यामुळे कपॅसिटर माझ्या वरच्या आकड्यावरून घेऊ नका. मोटर दुकानातच लाईनवर रिकामी चालवायला सांगा, तिन्ही फेजला क्लॅम्प लावा आणि आलेला अँपिअरचा आकडा इथे टाका. नेमप्लेटचा फोटोही टाका. त्यावर डेल्टा लिहिलंय की स्टार तेही बघून ठेवा, एकेका कपॅसिटरचा आकडा त्या मोटरीसाठी काढू.